परार्धाच्या एक घर अलीकडे : गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

शाळेच्या स्मरणिकेत थोरांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे. त्या चरित्रांतून बहुधा राज्य मिळवणारे, सभा जिंकणारे, संस्था उभारणारे पुरुष आणि स्त्रिया भेटतात. आम्ही येथे ज्यांची जीवनकथा सांगणार आहोत, ते यांपैकी काहीच नव्हते. ते शाळामास्तर होते. नाशिकजवळच्या देवळालीत बत्तीस वर्षे त्यांनी मुलांना शिकवले आणि उरलेला सारा वेळ आकड्यांच्या सहवासात घालवला. त्यांच्या हयातीत त्यांच्या स्वतःच्या देशातील अनेक विद्वानांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. आज मात्र जगातील कोठल्याही गणिताच्या कोशात अंकांच्या गमतीजमतींचे पान उघडले, की त्यांचे मराठी आडनाव तेथे दिसते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे ते नाव.

त्यांची ओळख एखाद्या प्रसंगाने करून देण्याऐवजी एका संख्येने करून द्यावी, असे आम्हांस वाटते. ती संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१. जुन्या पद्धतीने एकं, दहं, शतं, सहस्र म्हणत उजवीकडून डावीकडे चढू लागलो, की दशकोटीच्या घरात नऊचा आकडा लागतो. पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य या पायऱ्या ओलांडून आपण सतराव्या घरात, म्हणजे मध्यात, पोहोचतो आणि तेथे पुन्हा एकचा आकडा भेटतो. त्यापुढचे घर परार्धाचे. आपल्या पूर्वजांनी नावे देताना जेथे थांबायचे ठरवले, त्याच्या एकच घर अलीकडे ही संख्या उभी आहे. एवढ्या अवाढव्य संख्येशी एका शाळामास्तराची मैत्री कशी जडली, हे समजले म्हणजे त्यांचे जीवन समजले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायच्या तर आकडेमोड आलीच. ग्रहांचे भविष्य मुलाच्या मनात किती उतरले हे सोडून देऊ. पण आकडेमोडीची गोडी मात्र बापाकडून मुलाकडे आली आणि ती जन्मभर टिकली. आईवेगळ्या मुलाला कोणाचा ना कोणाचा आधार लागतो. या मुलाला तो अंकांचा लाभला. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. त्या वयातच कोडी सोडवण्यात आणि हिशेबाच्या आडवाटा शोधण्यात ते तासन्‌तास रमून जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजला सीनियर रँग्लरचा मान मिळवणाऱ्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाने त्या काळी गणितातील स्वतंत्र कामाबद्दल एक पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांनी पटकावले. एका कुळातील अनेक वक्ररेषांना स्पर्श करीत जाणाऱ्या आवेष्टक वक्राविषयी त्यांनी लिहिले होते. म्हणजे ज्याला विद्यापीठीय गणित म्हणतात, ते त्यांना येत नव्हते असे नाही. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञानातील पदवी त्यांनी घेतली. त्यापुढचे औपचारिक शिक्षण मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. १९३० साली ते देवळालीस शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

आता त्या मोठ्या संख्येकडे वळू. फळ्यावर नऊ एक ओळीने लिहावेत आणि त्या संख्येला तिनेच गुणावे. गुणाकाराच्या नऊ ओळी होतात. प्रत्येक ओळीत नऊ एक असतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक पडतो, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि तेथून पुन्हा उतरण लागते. बेरीज करताना कोठेही हातचा येत नाही, म्हणून उत्तर एखाद्या मनोऱ्यासारखे सुबक उभे राहते : एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि नऊपासून एकपर्यंत उतरायचे. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा वर्ग १२३२१, अकराशे अकराचा वर्ग १२३४३२१, याच घराण्यातील ही मोठी बहीण आहे. दहा एकांचा वर्ग केला, की मात्र मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि मनोऱ्याचा माथा मोडतो. तेव्हा उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. तो आठ कोठे नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये कशी आली, हे शोधण्याचे काम आम्ही वाचकांच्या घरातील मुलांवर सोपवतो.

कापरेकरांनी या संख्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात त्यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. हे नाव कोणा ग्रीक पंडिताचे नव्हे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या मार्गावर एक स्थानक होते. तेथे असताना त्यांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्या स्थानकाचे नाव त्यांनी संख्यांना दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. रोज लाखो माणसे ज्या फलाटावर घड्याळाकडे पाहत उभी असतात, तेथे एक माणूस आकड्यांकडे पाहत उभा होता. आम्हांस या चित्राचे फार अप्रूप वाटते.

संख्यांची वर्गवारी करणे हा गणिताचा जुना उद्योग आहे. आपल्या या सतरा अंकी संख्येला नेहमीच्या कसोट्या लावून पाहू. ती विषम आहे. ती पूर्ण वर्ग आहे. डावीकडून वाचा की उजवीकडून, ती तशीच राहते. तिचे मूळ अवयव तीनच : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून तिच्या विभाजकांची संख्या ५ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ४५ येते. विभाजक सहसा जोडीजोडीने येतात. पण पूर्ण वर्गात एकाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून ती संख्या विषम येते. प्राचीन ग्रीकांनी संख्यांचे पूर्ण, अधिक आणि न्यून असे तीन वर्ग पाडले होते. स्वतःहून लहान असलेल्या विभाजकांची बेरीज मूळ संख्येइतकी आली तर पूर्ण, जास्त आली तर अधिक, कमी आली तर न्यून. आपल्या संख्येच्या बाबतीत ही बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक येते. एवढी भव्य दिसणारी संख्या या हिशेबाने न्यून ठरते. दिसण्यावरून कोणाची पारख करू नये, हे अंकांच्या जगातही खरे आहे.

या जुन्या वर्गांत कापरेकरांनी आपले काही वर्ग जोडले आणि त्यांना मातीतील नावे दिली. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. बाराच्या अंकांची बेरीज तीन, आणि तिनाने बारा भागले जातात. म्हणून बारा हर्षद. रामानुजनांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ हीदेखील हर्षद, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आपल्या मोठ्या संख्येचे काय? चढताना एक ते नऊ, म्हणजे ४५, उतरताना आठ ते एक, म्हणजे ३६, एकूण ८१. आणि ८१ ने तिला भागले, की १५२४१५७८९९७१०४१ असे पूर्ण उत्तर येते, बाकी उरत नाही. म्हणजे तीही हर्ष देणारी.

दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले, की २८ होतात. कापरेकरांच्या भाषेत २३ ही २८ ची जनक झाली. २८ पासून ३८, ३८ पासून ४९, अशी वंशावळ पुढे चालते. मग त्यांनी विचारले : प्रत्येक संख्येला जनक असतोच का? नसतो. २० ला जनक नाही. एक अंकी जनक धरला तर त्याची दुप्पट २० व्हावी लागेल, आणि तसा अंक नाही. दहा ते एकोणीस यांपैकी कोणी धरला, तर उत्तर नेहमी विषमच येते. ३१, ४२, ५३, ६४ याही अशाच जनकाविना असलेल्या. त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले आणि आपल्या गावाच्या प्रेमापोटी देवळाली संख्या असेही नाव दिले. उलट १०१ या संख्येला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. वंशावळीचे दोन प्रवाह तेथे येऊन मिळतात. १९६३ साली या स्वयंभू संख्यांवर त्यांनी देवळालीहून स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

आपली मोठी संख्या स्वयंभू आहे काय? हे काम यंत्रावाचून कागदावर होते, म्हणून आम्ही ते येथे करून दाखवतो. सतरा अंकांची बेरीज फार तर सतरा नवे १५३ होईल. म्हणजे जनक असलाच, तर तो या संख्येहून १५३ पेक्षा अधिक लहान नसणार. तेव्हा त्याचे पहिले चौदा अंक तेच राहतात, फक्त शेवटचे तीन बदलतात. त्या चौदा अंकांची बेरीज ८१ वजा ६, म्हणजे ७५. शेवटचे तीन अंक त्यात शून्य ते सत्तावीस एवढीच भर घालू शकतात. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ७५ आणि १०२ यांच्या दरम्यान असली पाहिजे. शिवाय कोणत्याही संख्येला नऊने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. आपल्या संख्येला नऊने पूर्ण भाग जातो, त्यामुळे जनकाच्या अंकांच्या बेरजेलाही तो गेला पाहिजे. तेव्हा उरल्या तीनच शक्यता : ८१, ९० आणि ९९. मोठ्या संख्येतून ८१ वजा केले, की शेवटचे तीन अंक २४० येतात. त्यांची बेरीज ६, आणि ७५ अधिक ६ बरोबर ८१. जमले! ९० आणि ९९ वजा करून पाहिले, तर शेवटी २३१ आणि २२२ येतात. बेरीज पुन्हा ८१ च होते आणि गणित जमत नाही. म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे, आणि तो एकच आहे : १२३४५६७८९८७६५४२४०.

वाचकहो, एवढा हिशेब आम्ही मुद्दाम मांडला. कापरेकरांचे दिवस कसे जात असतील, याची कल्पना तारखांनी येत नाही; ती असा एखादा हिशेब स्वतः केल्याने येते. परार्धाच्या उंबरठ्यावरील एका संख्येची जन्मकथा शोधायला कागद आणि पेन्सिल पुरली. शुल्क लागले नाही, शिफारसपत्र लागले नाही, कोणाची परवानगीही लागली नाही.

ज्या शोधाने त्यांचे नाव दूरवर गेले, त्यातील संख्या त्या मानाने अगदी लहान आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तराला पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतली, तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता ६१७४ ला तेच केले, की ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. सुरुवात कोठूनही करा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तेथून हलत नाही. तीन अंकी संख्यांसाठी असेच मुक्कामाचे ठिकाण ४९५ आहे.

हे कसे घडते, तेही अवघड नाही. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले, की वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून राहते : पहिल्या आणि चौथ्या अंकांतील फरक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील फरक. पहिला फरक ९९९ ने गुणायचा, दुसरा ९० ने, आणि दोन्ही मिळवायचे. पहिला फरक एक ते नऊ असू शकतो. दुसरा त्याहून मोठा होऊ शकत नाही. मोजून पाहिले, की अशा ५४ च जोड्या निघतात. म्हणजे हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पायरीवर ५४ वाटांवर येतात, आणि त्या ५४ वाटा एकेक करून चालून पाहता येतात. अभ्यासिकेच्या एका संध्याकाळी आठवीतील चार मुले मिळून हा सिद्धांत स्वतः पडताळून पाहू शकतील.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पुढे १९५५ साली अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्याविषयीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. याशिवाय ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत मिळते, अशा संख्या त्यांनी शोधल्या. ४५ चा वर्ग २०२५. त्यातील २० आणि २५ यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. त्यातील ८८ आणि २०९ यांची बेरीज पुन्हा २९७. यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या सतरा अंकी संख्येच्या विभाजकांची संख्या ४५ आहे, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. योगायोग खरा, पण असे योगायोग हेरण्यातच त्यांचा आनंद होता.

या आनंदाची किंमत त्यांना मोजावी लागली. भारतातील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. परिषदांना ते स्वतःच्या खर्चाने जात आणि आपले निबंध वाचत. पुष्कळदा श्रोत्यांच्या चेहऱ्यावर उपेक्षाच असे. त्यांचे बरेचसे लेखन लहान नियतकालिकांत आले किंवा त्यांनी स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून बाहेर पडले. येथे आम्ही त्यांच्या टीकाकारांवर अन्याय करू इच्छित नाही. त्यांचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. कापरेकरांचे बहुतेक शोध संख्या दशमान पद्धतीत कशी लिहिली जाते, यावर अवलंबून आहेत. आपल्या हातांना दहाऐवजी बारा बोटे असती, तर ६१७४ चे माहात्म्य उरले नसते. गणिताने संख्येच्या पोशाखाचा नव्हे, तर संख्येचा विचार करावा, अशी त्या विद्वानांची भूमिका होती.

परंतु काळाने या वादात कापरेकरांच्या पारड्यातही वजन टाकले. इटालियन गणितज्ञ उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ साली स्वयंभू संख्यांची दाटी कशी असते, यावर शोधनिबंध लिहिला. हर्षद संख्यांकडे अमेरिकेत आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानामुळे लक्ष गेले आणि तेथे त्यांना निव्हेन संख्या असेही नाव पडले. पुढे १९९३ साली लागोपाठ २१ संख्या हर्षद असू शकत नाहीत, असे कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले. २००० साली डग्लस इयानुची यांनी दाखवले, की कापरेकर संख्यांचे गुपित ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या विभाजकांत दडलेले आहे. म्हणजे पोशाख उसवून पाहिला, तर आत खरे गणित होते. ते सारे कापरेकरांनी सिद्ध केले नव्हते. पण प्रश्न त्यांनी विचारले होते. प्रश्न विचारणाराही ज्ञानाचा तितकाच वाटेकरी असतो, असे आमचे मत आहे.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे नव्हते. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. उदरनिर्वाहासाठी गणित आणि विज्ञान यांच्या खासगी शिकवण्या घ्याव्या लागल्या. तरी अंकांचा अभ्यास सुटला नाही. कोपर्निकसच्या जन्माला १९७३ साली पाचशे वर्षे झाली, त्या निमित्ताने त्यांनी त्याच्या नावाचे जादूचे चौरस रचले. आणि मग मार्च १९७५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, दैव फिरले. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणिती खेळांविषयीचे सदर तेव्हा जगभर वाचले जाई. त्या सदरात गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले. देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव खंडोपखंडीच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. दूरदेशीची मान्यता आली, तेव्हा घरच्यांनाही त्यांची ओळख पटू लागली. ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे, आणि ती आपल्याला भूषणावह नाही. १९८६ साली कापरेकरांनी देवळालीस जगाचा निरोप घेतला.

निवासी शाळेच्या या स्मरणिकेत या चरित्राला जागा का द्यावी, याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या शाळेत मूल पाठवणारे पालक बहुधा पोटाला चिमटा काढून ते पाठवतात. मुलाने शिकावे, नोकरीस लागावे, घर वर यावे, ही त्यांची इच्छा असते. अशा घरातील मूल सुटीत वहीची पाने आकड्यांनी भरू लागले, तर याचा उपयोग काय, असा प्रश्न आईबाप विचारणारच. तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ज्यांनी शिक्षणाची किंमत घामाने मोजली, त्यांना उपयोगाचा हिशेब मागू नका, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की कापरेकरांच्या जीवनात उपयोग आणि आनंद यांची फारकत झाली नव्हती. त्यांनी नोकरी सोडली नाही, वर्गाकडे पाठ फिरवली नाही; बत्तीस वर्षे शिकवले आणि त्याच्या जोडीने आपला शोध चालू ठेवला. त्यांच्या शोधाने त्यांना धन दिले नाही, हे खरे. त्याने त्यांना स्वतःच्या बुद्धीवर उभे राहण्याचे बळ दिले. मोठे विद्यापीठ पाठीशी नसताना, पुढची पदवी नसताना, सभेतील माणसे हसत असताना आपण पाहिलेले सत्य पुन्हापुन्हा पडताळून पाहायचे आणि ते निर्भयपणे मांडायचे, हे ज्याला साधते, त्याला कोणी लहान करू शकत नाही. ज्यांच्या पूर्वजांना पाटीला हात लावण्याचीही मुभा नव्हती, त्या घरांतील मुलामुलींना हे बळ नोकरीइतकेच आवश्यक आहे.

माजी विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. स्नेहमेळाव्यास याल, तेव्हा जेवणानंतर वसतिगृहातील मुलांना जवळ बोलवा. त्यांना कोणतीही चार अंकी संख्या मनात धरायला सांगा आणि वजाबाक्या करू द्या. थोड्याच वेळात एकेक मूल ६१७४ असे ओरडेल. मग ते का आले, हे लगेच सांगू नका. ५४ वाटांचे काम त्यांनाच करू द्या. आणि एखादी मुलगी सर्वांच्या मागे थांबून पाच अंकी संख्येचे काय होते असे विचारील, तर तिला हसू नका. तिची वही कोरी असेल तर तिला पेन्सिल द्या, आणि वही भरली असेल तर नवी वही द्या.